नोंद क्र. 41 : देवळाच्या ओवरीतली संगमरवरी पाटी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली पहिल्या महायुद्धाची पाटी रविवारी अखेर वाचून झाली. मागच्या खेपेला हात हलवत परतलो होतो. गावाने प्रेमाने तिच्यावर ऑइल पेंट दिलाय, त्यात अक्षरं बुजलीत. या वेळी अंधार पडू दिला आणि टॉर्च पाटीच्या कडेला टेकवून आडवा मारला. तिरप्या उजेडात खोबणीखोबणीत सावली उतरली आणि ओळ उमटली : या गावातून 1914-1919 च्या महायुद्धात 62 जण गेले, पैकी 9 जणांनी प्राण दिले. (वीरगळी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, वाचणाऱ्या मित्रांनो, दगडाला पीठ, खडू फासू नका. उजेड पुरतो.)

नाव एकही नाही. वीरगळीवरही नाव क्वचितच असतं, पण तिथे वीर निदान लढताना दिसतो, अप्सरा त्याला वर नेतात, शिवलिंगापुढे तो हात जोडून बसतो. इथे नुसता आकडा. इराकमधल्या बसरा स्मारकाचीही तीच कथा. त्याच महायुद्धात तिकडे पडलेल्या 40,000 हून जास्त जणांचं ते स्मारक. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या 110 आणि 117 या मराठा पलटणी कुत शहराला पडलेल्या तुर्की वेढ्यात सापडल्या, 29 एप्रिल 1916 ला तिथे शरणागती झाली. पण त्या भिंतींवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या. याचा मला अजून राग येतो.

नावं आहेत ती महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत, बऱ्याचदा बापाच्या नावासकट, गावासकट. आडनावाने शोधू नका, स्पेलिंग कसंही असतं. गाव आणि तालुका घालून बघा. मला 9 पैकी 5 मिळाले.

त्यातलं एक नाव घेऊन एका घरी गेलो. आजी म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांचे चुलते. बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. तारीख ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्रीला पान वाढतो." नोंदीतली तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. त्यांनी तो कागद देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवला.

उरलेले 4 शोधतोच आहे. मध्ये 14 एप्रिलला भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जाईन. 1944 साली त्याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाची आग विझवताना दलाचे 66 जवान गेले. त्यांची नावं गावांसकट मिळवायची आहेत. कुणाच्या घरी काही कागद, फोटो असेल तर जरूर कळवा.