निळे ठिपके

नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी सातला रांग लागते, दहापर्यंत सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या ट्यूब एकामागून एक मशीनवर चढतात. त्यात चार वर्षांचा हा मुलगा आला. हिमोग्लोबिन 7.6. विदर्भात पांढरं पडलेलं लेकरू दिसलं की आधी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण याचं एचपीएलसी, म्हणजे सिकलसेल ओळखायची तपासणी, नॉर्मल होतं. दोन महिने लोहाचं सायरप पिऊनही रक्त वाढलं नव्हतं.

"पोट लय दुखते जी याचं, अन् माती खाते," आई म्हणाली.

वडील काय करतात, विचारलं. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं गाळायच्या भट्टीवर.

मी बोट टोचून तिथेच काचेवर रक्ताचा ताजा स्मिअर ओढला. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, आणि शिशाच्या विषबाधेत तांबड्या पेशींत दिसणारे ठिपके त्यात फिके पडू शकतात. लीशमनचा रंग दोन मिनिटं, मग बफर घालून दहा. मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखाली तांबड्या पेशींमध्ये जाडसर निळे ठिपके, फील्डमागून फील्ड. लॅबच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. त्यांनी शिशासाठी नमुना बाहेर पाठवला. रिपोर्ट आला, डेसिलिटरला 61 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 5 लाच उगम शोधा म्हणते, आणि 45 पासून लहान मुलांना शिसं बाहेर काढणारं औषध द्यायला सांगते. मुलगा त्याच दिवशी ॲडमिट झाला.

शिसं 327 अंशांवर वितळतं, भट्टी त्याहून कितीतरी जास्त तापते. तो धूर, ती धूळ शर्टावर बसून घरी येते आणि पोरगं धावत येऊन त्याच शर्टाला बिलगतं. वडिलांना म्हटलं, कामावरच आंघोळ करा, कपडे बदलून या. ते म्हणाले, "तिथं नळच नाही जी." माणसाला शिशाच्या धुरात उभं करायचं आणि हात धुवायला पाणी द्यायचं नाही, याचा मला अजून संताप येतो.

संध्याकाळी जुने रिपोर्ट उघडले. मार्चमध्ये याच मुलाचा सीबीसी आमच्याकडेच झाला होता, हिमोग्लोबिन 9.1. खाली माझी सही. डॉक्टरांनी मागितल्याशिवाय स्लाइड करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि त्या दिवशी मीही ती केली नव्हती. आता लहान मुलाचं हिमोग्लोबिन कमी दिसलं की मी न विचारता करतो. त्यावरून दोनदा बोलणी खाल्ली.

त्याला दीड वर्षाची बहीण आहे. मंगळवारी तिलाही आणा, पैसे लागणार नाहीत, असं आईला सांगितलं होतं. आज शुक्रवार. अजून आणलेली नाही.