जाळ आन धूर संगटच : आमची वाटचाल

आमचं मूळ काम पत्र्याचं. उद्यमनगरात भाड्याचा गाळा, एक फोल्डिंग मशीन, दोन पोरं, आणि हॉटेलांच्या भटारखान्यांना धूर ओढायचे हूड अन् तो बाहेर न्यायचे पत्र्याचे नळ, म्हणजे डक्ट, करून द्यायचे. तांबड्या रश्श्याची फोडणी पडताना भट्टीपुढं उभं राहून ज्यानं माप घेतलंय त्याला धुराचं वेगळं काय शिकवायला नको. आज आम्ही घरोघरी सिगार ओढायच्या खोल्या करतो, ते तेव्हा डोक्यातही नव्हतं.

२०११ ला शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्या आण्णांनी घरी बोलावलं. त्यांचं कास्टिंग जर्मनीला जायचं आणि तिकडची पार्टी दरवेळी येताना सिगारचा एक डबा घेऊन यायची. आण्णांना ती लागली गोडी. पण हॉलमध्ये वहिनी ओढू देत नव्हत्या आणि गच्चीवर बसावं तर पावसाळ्याचे चार महिने कोल्हापुरात गच्चीचा काय उपयोग. हॉलशेजारी अडगळीची खोली होती, १२ बाय १०. आण्णा म्हणाले, "असं काय तरी कर की मी आत बसलो तर आईला कळू नये." आई तेव्हा ऐंशीच्या पुढं, पण नाक असलं तिखट की शेजारच्या घरात दूध करपलं तर ह्या सांगायच्या.

मी होय म्हणून आलो आणि मिस्त्रीमामांना गाठलं. मामा माझे पहिले पार्टनर, तोंडी पार्टनर म्हणजे, कागद कधीच नाही झाला. रंधा, पटाशी आणि वडिलांचा गुण्या, एवढ्यावर माणूस राजवाडा उभा करेल. खोलीचं पॅनेलिंग, खुर्च्या, कपाट सगळं त्यांचं आणि सिगार ठेवायची पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, पण त्यांनीच केली. त्या पेटीत आम्ही पहिली माती खाल्ली. मामांनी जुन्या वाड्याचं अस्सल सागवान वापरलं आणि आतनं-बाहेरनं असं पॉलिश मारलं की आत तोंड दिसावं. महिन्याभरानं आण्णांचा फोन, "अरे सिगारला फर्निचरच्या दुकानाचा वास यायलाय." सागवानाला स्वतःचं तेल असतं, पॉलिशला वास असतो, आणि सिगार वास पिऊन घेते हे आम्हाला कोण सांगणार होतं? आत लागतं ते स्पॅनिश सिडर, आणि ते पण कोरंच. नावाला सिडर, खरं तर महोगनीच्या घराण्यातलं, आपली तूण त्याच्याच भावकीतली. पेटीच्या आत पॉलिश करायचं नाही हे मामांना पटवायला मला आठ दिवस लागले, "अर्धवट माल कोल्हापुरात देऊ काय" हेच धरून बसलेले. शेवटी केली दुसरी पेटी. तिचं झाकण सोडलं की धाडकन आपटत नाही, आतली हवा हुस्स करून निघते आणि मग सावकाश बसतं. झाकणात दहाची नोट धरून ओढायची, अडकली तर पेटी पास. आजही आमची प्रत्येक पेटी ह्या नोटेवर पास होते.

सिगारला लागणाऱ्या किडीचं मात्र मामांना आधीच माहीत होतं, त्यांची सासुरवाड निपाणीची. १९८१ ला शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात त्यांचे सासरे हायवेवर बसले होते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार म्हणजे सांगणारच. विडीची तंबाखू वेगळी, सिगारचं पान वेगळं, पण किडा दोन्हीकडं तोच. सुईनं टोचल्यासारखं भोक दिसलं की समजायचं. उष्णता २४-२५ च्या वर गेली आणि दमटपणा सत्तरीच्या पुढं, की अंडी फुटतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उष्णता आणि जुलैमध्ये दमटपणा, म्हणजे किड्याची दोन्हीकडनं सोय. म्हणून पेटी खिडकीजवळ किंवा टीव्हीच्या कपाटावर ठेवू नका, ६५ ते ७० टक्के दमटपणा आणि २० च्या आसपास उष्णता धरा. आणि तो हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचा काटा, कितीचा का असेना, आल्या आल्या त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं होईल एवढंच पाणी टाका, काटा आणि झाकण एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर पाच कमी दाखवतोय, तेवढे मनात मिळवा. हे मी फुकट सांगतोय, पेटीबरोबर ह्याचे पैसे घेणारे पण आहेत.

आण्णांची खोली जमली. आईंना कळलं नाही असं नाही, पण त्या म्हणाल्या, "आता निदान देवाला तरी कळत न्हाई." हे वाक्य आम्ही सर्टिफिकेट समजून चाललो. पुढं चार-पाच वर्षं तोंडातोंडी कामं येत गेली, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी, सांगलीत दोन, बेळगावला एक. त्यात लिहिण्यासारखं काय नाही.

लिहिण्यासारखं आहे ते २०१६.

एका बंगल्याचं काम मिळालं, तोवरचं सगळ्यात मोठं. मालकांचे आर्किटेक्ट बाहेरगावचे. मी खोलीचा हिशोब मांडला: १२ बाय १० बाय १०, म्हणजे १२०० घनफूट, तासाला १५ वेळा हवा बदलायची, १८,००० भागिले ६०, ३०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा. पण डक्टची वळणं आणि कार्बन फिल्टर धरले तर ४५० चा इनलाइन, म्हणजे डक्टमध्येच बसणारा, फॅन घ्यायचा आणि रेग्युलेटरवर हळू चालवायचा. डक्ट ८ इंची, कारण ६ इंचीतनं एवढी हवा ओढली की घों घों आवाज येतो. आणि हवा आत यायला पॅसेजच्या बाजूनं १२ बाय १२ ची जाळी. आर्किटेक्ट म्हणाले जाळी वाईट दिसते, आणि त्याच खोलीत होम थिएटर करायचंय म्हणून दाराला चारी बाजूंनी रबरी गास्केट. मी म्हटलं साहेब, बाटलीत फुंकर मारून बघा, दुसरीकडनं भोक नसेल तर हवा जाणार कुठं? ते हसले. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी गप्प बसलो, आणि माझी चूक एवढीच की मी गप्प बसलो. ॲडव्हान्स मिळालेला होता, मशीनचा हप्ता होता.

पहिल्याच रात्री पाच-सहा जण बसले. हवा यायला वाट नाही, म्हणून फॅन दाराच्या किल्लीच्या भोकातनं हवा ओढायला लागला आणि शीळ वाजायला लागली, बारीक, सारखी, कुकरसारखी. सिनेमात व्यत्यय नको म्हणून कुणीतरी फॅनच बंद केला. मग धूर फॉल्स सीलिंगच्या लाइटांच्या भोकातनं वर गेला, सीलिंग जिन्यापर्यंत आतनं मोकळंच होतं, आणि जिन्याच्या वर देवघर. सकाळी मालकांच्या आईंनी देवपूजेला बसल्या बसल्या विचारलं, "देवाला बी चिरूट पाजला काय रं?"

झालं. शेवटचं बिल १ लाख ८० हजार, ते अडलं ते आजतागायत अडलेलंच आहे. मी स्वखर्चानं जाऊन जाळी बसवली, लाइटांची भोकं सील केली, शीळ गेली, वास गेला, पैसे मात्र आले नाहीत. आणि त्यात आमच्याकडंच दोन वर्षं एस्टिमेट लिहायला बसणारा पोरगा, त्यानं तोवर स्वतःची शोरूम टाकली होती, चामडी सोफे आणि पिवळ्या लाइटी लावून. धुराच्या कामाला गास्केट आणि ग्रिल ह्यातला फरक न कळणारा माणूस, पण बोलायला गोड. त्यानं त्या देवघराची गोष्ट गावभर केली. प्रत्येक पार्टीला, "त्यांच्याकडं करू नका हं, देवळात धूर काढतात." महिन्याभरात चार ऑर्डरी गेल्या. चारही त्याच्याकडं गेल्या हे मला नंतर मटेरियलवाल्याकडनं कळलं. मी त्याला फोन नाही केला. आजही रंकाळ्यावर फिरताना समोर आला तर नमस्कार करतो, आणि तो पण करतो, पोट धरून.

फोल्डिंग मशीन विकलं. मामांनी सहा महिने पगार मागितला नाही आणि मी पण विचारला नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. दिवाळीला दोन पोरांपैकी एकाला थांबवलं. मग आण्णा आले गाळ्यावर. पैसे द्यायला नाही, आण्णा उधार कुणाला देत नाहीत. म्हणाले, "फौंड्रीत सँड प्लांटची डस्ट काढायची डक्ट बदलायचीय, माप घे. रेट बाजारभावानं, एक रुपया जास्त नाही." पाच महिने ते काम चाललं, त्यावर आम्ही उभे राहिलो. आणि त्यांच्या खोलीत नव्या पार्ट्यांना घेऊन जायची परवानगी दिली, सहा जण एकावेळी पेटवून बसायचे आणि मी दाराबाहेर अगरबत्ती धरून दाखवायचो. जाळीशी अगरबत्ती धरली की धूर खोलीत ओढला गेला पाहिजे, पॅसेजकडं फिरला तर काम नापास. एवढी एक टेस्ट आहे, बाकी सगळी सजावट.

२०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, पत्रे गंजले. ते अख्ख्या कोल्हापूरनं सोसलंय, आम्ही वेगळं काय रडायचं.

आता कुणी घरी करणारच असेल तर ऐका, मागितलं नसलं तरी. एसीनं धूर जात नाही, स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. नुसत्या दाराखालच्या फटीवर पण जाऊ नका, ३० इंची दाराला एक इंच फट ठेवली तर भोक होतं जेमतेम ३० चौरस इंच, शीळ वाजणारच, जाळी बसवा. गालिचा आणि मखमली पडदे नकोत, ते धूर वर्षभर सांभाळून ठेवतात, चामडं आणि लाकूड पुसता तरी येतं. फ्लॅट असेल तर डक्ट बिल्डिंगच्या शाफ्टमध्ये सोडू नका, चौथ्या मजल्यावरचे भांडायला येतील आणि बरोबरच येतील. आणि फॅन वास कमी करतो, तब्येतीचं नुकसान पूर्ण काढत नाही. घरात लहान लेकरू असेल, कुणाला दमा असेल तर आम्ही आतली खोली करतच नाही, गच्चीवर पत्र्याची शेड करून देतो, त्यात आम्हाला पैसे कमी सुटतात तरी. मी स्वतः ओढत नाही, मामा पण नाही, दोघांच्या कपड्यांना वास मात्र कायम.

परवा रात्री नऊला एक फोन आला. अनोळखी नंबर. सहा महिन्यांपूर्वी सिगार रूम करून घेतलीय, सोफा एकदम झकास, पण फॅन लावला की कसला तरी आवाज येतो म्हणाले. कुणी केलीय विचारलं तर नाव तेच. म्हटलं फोन जरा दाराजवळ न्या. नेला. किल्लीच्या भोकाची शीळ, तीच, बारीक, सारखी. मामा शेजारीच खुर्चीची बैठक ठोकत बसले होते, त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि ऐकत राहिले.

व्हिजिटचे ५०० सांगितलेत. जाळीचे वेगळे.