४०० कल्पित जगं आणि सहा परीक्षक

२००२ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या साहसखेळासाठी नवं जग हवं म्हणून खुली स्पर्धा लावली. एकेका पानाच्या ११,०००च्या आसपास प्रवेशिका आल्या. त्यातल्या ११ जणांना दहा-दहा पानं लिहायला सांगितली, मग तिघांकडून पुस्तकाच्या जाडीचा आराखडा मागवला. शेवटी कीथ बेकर यांचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४ मध्ये ते छापून आलं. एका पानाला तीन मिनिटं धरली तरी ११,००० पानांचे ५५० तास होतात. म्हणजे रोज आठ तास बसणाऱ्या एकट्या माणसाचे ६९ दिवस, रविवारची सुट्टीही न घेता.

बडोद्यात मराठी खेळाडूंसाठी अशी स्पर्धा घ्यायची, तर आकडे लहान होतात, गणित तेच राहतं. समजा ४०० प्रवेशिका आल्या आणि प्रत्येक दोघांनी वाचायची, तर ८०० वाचनं, म्हणजे ४० तास. सहा परीक्षक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसात तासांच्या आत-बाहेर. एका बैठकीत २० पानांच्या वर जाऊ नये. पंचविसाव्या पानानंतर सगळीच राज्यं सारखी वाटायला लागतात, आणि त्याचा भुर्दंड नेमका चांगल्या पानाला पडतो.

मर्यादा पानांत न देता शब्दांत द्यावी. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की त्याच पानावर ३०० शब्दही बसतात आणि ५५०ही. मराठीला ५०० शब्द भरपूर होतात. फाइल युनिकोडमध्येच मागवावी, नाहीतर जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर परीक्षकाच्या मोबाइलवर निव्वळ खुणांचा चिवडा होऊन उघडतो. नाव झाकायचं काम परीक्षक नसलेल्या माणसाकडे द्यावं. त्याने पानावरचं नाव तर काढावंच, शिवाय पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नावही पुसावं. हे दुसरं हमखास राहून जातं. बडोद्यातलं मराठी खेळाडूंचं वर्तुळ एवढंसं, की एक आडनाव दिसलं तरी झाकण्याचा उपयोग संपला.

वाचन सुरू करण्याआधी सहाही जणांनी त्याच १५ प्रवेशिका वेगवेगळ्या वाचाव्यात आणि मग एकत्र बसून भांडावं. कोण कशाला भुलतो आणि कोण कशावर चिडतो, ते इथेच कळतं. त्यानंतर प्रत्येकाला गठ्ठा वेगळ्या क्रमाने पिसून द्यावा, म्हणजे एकच प्रवेशिका सगळ्यांच्या दमलेल्या तासात सापडत नाही.

पहिल्या फेरीत दहापैकी गुण देऊ नयेत. एका परीक्षकाचे सहा म्हणजे दुसऱ्याचे आठ असतात. वर सरासरी काढली की ७ आणि ७ मिळवणारं गुळमुळीत पान ९ आणि ४ मिळवणाऱ्या विलक्षण पानाला मागे टाकतं. स्पर्धा तर त्या दुसऱ्यासाठीच घेतलेली असते. त्यापेक्षा ‘हो’, ‘बघू’, ‘नाही’ एवढे तीनच शेरे ठेवावेत. एकाचाही ‘हो’ आला तर प्रवेशिका पुढे जाते, दोन ‘बघू’ आले तर तिसरा वाचतो. बाकी सगळं बाजूला.

आता मुद्द्याचं. सेटिंग, म्हणजे खेळ ज्यात घडतो ते जग, ही कादंबरी नव्हे, हे बहुतेक बाद पानांना माहीतच नसतं. पान सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतं, देवांच्या दोन पिढ्या भांडतात, ३,००० वर्षं उलटतात आणि ४२०व्या शब्दाला कुठे आजचा दिवस उजाडतो. दुसरा प्रकार निवडलेल्या राजपुत्राचा. शाप त्यालाच, तलवार त्यालाच, शेवटची लढाईही त्याचीच. टेबलाभोवती बसलेल्या चौघांनी मग काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? तिसरा प्रकार नावांच्या यादीचा, त्यावर वेगळं काही बोलायला नको.

चांगलं पान कसं ओळखायचं? बडोद्याच्या विश्वामित्री नदीत खऱ्याखुऱ्या मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत शिरतात, त्यामुळे बडोद्याच्या स्पर्धेत मगरींचा सुकाळ असणार हे धरूनच बसावं. समजा, एका पानात नदीतळाशी झोपलेला मगरदेव आहे, त्याचा शाप आहे, प्राचीन मंदिर आहे. दुसऱ्या पानात एवढंच आहे: दर पावसाळ्यात दहा दिवस नदी शहरात येते. त्या दहा दिवसांत राजाचा हुकूम चालत नाही, मगरींशी करार केलेल्या नावाड्यांचा चालतो. अकराव्या दिवशी पाणी ओसरतं आणि राजाचे शिपाई हिशेब मागायला येतात. खेळाडू म्हणजे नावाडी. पहिल्या पानात बघण्यासारखं पुष्कळ आहे. दुसऱ्यात धंदा आहे, मुदत आहे, शत्रू आहे, आणि मगरींना कराराच्या बदल्यात काय द्यावं लागतं हा प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात आपसूक उभा राहतो. असा प्रश्न पडला की ‘हो’ लिहून पुढच्या पानाकडे वळावं. भाषा खडबडीत असली तरी चालेल, ती दुसऱ्या फेरीत सुधारता येते.

त्या फेरीला १२ प्रवेशिका पुरेत. प्रत्येकाकडून सहा पानं मागवावीत. त्यात खेळाडूंना कामं कोण देतं आणि पैसे कोण मोजतं, जादू कुणाला परवडते, तीन तयार साहसं, आणि शहराबाहेर पाऊल टाकलं तर काय, हे यायलाच हवं. पहिल्या पानावर चमकलेली निम्मी जगं इथे फुटतात, कारण एका कल्पनेवर एक संध्याकाळ निघते, वर्षभराचं कॅम्पेन, म्हणजे त्याच जगात सलग चालणारा खेळ, निघत नाही.

शेवटच्या तिघांची वाचून नव्हे, खेळून परीक्षा घ्यावी. चार खेळाडू, तीन तास, आणि गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, लेखकाव्यतिरिक्त कुणीतरी. लेखकाला त्या खोलीत येऊ देऊ नये. तो शेजारी बसला की कागदावर नसलेल्या सगळ्या गोष्टी तोंडाने भरून काढतो आणि परीक्षण त्याच्या वक्तृत्वाचं होतं. एका परीक्षकाने फक्त दोन नोंदी ठेवाव्यात: गेममास्टर किती वेळा पानं उलटून शोधत बसला, आणि ‘आम्ही आता काय करायचं?’ हे खेळाडूंनी किती वेळा विचारलं. पहिल्या १५ मिनिटांतला हा प्रश्न माफ, दुसऱ्या तासातला नाही.

हक्कांचा नियम मात्र जाहिरातीतच छापावा. २००२च्या त्या स्पर्धेतली अंतिम फेरीतली उरलेली दोन जगं कधीच प्रसिद्ध झाली नाहीत. न जिंकलेल्या प्रवेशिकेचे सगळे हक्क लेखकाकडेच राहतील, हे एक वाक्य नसेल तर जाणते लोक आपलं सगळ्यात चांगलं जग घरीच ठेवतात आणि दुसऱ्या क्रमांकाचं पाठवतात.