तुम्ही विचारलंत म्हणून : रक्तातून की घरातून?

मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांच्या स्वमदत गटाची सभा संपली की खुर्च्या आवरताना कुणीतरी मागे रेंगाळतं. बहुतेकदा एखादी आई, कधी बहीण, कधी एखादा तरुण मुलगा. आसपास कुणी नाही असं बघून हळूच विचारतात, "ताई, तुमच्या भावाला हे झालं ते रक्तातूनच आलं होतं, की घरात काही घडलं होतं?" मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत. खाली रिक्षा थांबलेली, माझं उत्तर अर्धवटच राहिलं. म्हणून लिहायला बसले.

दादाचा जन्म जानेवारी १९७३चा, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातला. दहावीला शाळेत पहिला आला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. दुसऱ्या वर्षाला असताना मेसच्या आमटीत कुणीतरी काहीतरी कालवतंय असं म्हणू लागला, मग त्याने मेसच सोडली. पंखा सुरू केला की शेजारच्या खोलीतली मुलं त्यातून आपल्याविषयी बोलतात, म्हणून मे महिन्यात पंखा बंद करून बसायचा. अण्णा त्याला घरी घेऊन आले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी सोळाची. पहिलं वर्ष देवऋषी, अंगारे आणि नवसांत गेलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी कागदावर एक शब्द लिहून दिला : स्किझोफ्रेनिया. नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टींची खात्री वाटणं, असा मनाचा आजार.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. आत्या म्हणाल्या, हे तुमच्या माहेरचं. आईचा एक मामा आयुष्यभर वाड्याच्या माडीवर राहिला होता. त्याचं ताट जिन्यात ठेवायचे आणि लग्नकार्यात माडीचं दार लावून घ्यायचे. हे सगळं आम्हाला दादा आजारी पडल्यावर कळलं, तोवर आजोळी कुणी त्याचं नावही काढत नसे. आमच्या चुलत्यांचं मत वेगळं होतं : माहेरचं वगैरे काही नाही, पोराला लाडावून ठेवलं आणि मग एकदम परमुलखात हॉस्टेलला टाकलं, तिथे ते मोडलं. दोन्ही बाजूंची मतं मी कित्येक वर्षं ऐकली. फार उशिरा लक्षात आलं की दोन्हींचं बोट एकाच माणसाकडे होतं. रक्त म्हटलं तरी आईचं आणि वळण म्हटलं तरी आईचं.

हे फक्त आपल्याकडचं असतं तर आपलं अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९४८मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मोठ्या मनोविश्लेषक बाईंनी मुलामध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी एक संज्ञाच वापरली. पुढची दोन-तीन दशकं अमेरिकेत शिकलेसवरलेले डॉक्टर आयांकडे याच नजरेने बघत राहिले. आजारी लेकराला घेऊन आलेल्या बाईला, हे तुझ्यामुळेच, असं सुचवायचं. मला आजही हे वाचताना राग येतो.

त्या समजुतीला मोठा तडा १९६६मध्ये गेला. लेनर्ड हेस्टन या मनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात अशी ४७ मुलं शोधून काढली, ज्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता आणि जन्मानंतर काही दिवसांतच ज्यांना आईपासून दूर नेण्यात आलं होतं. आईच्या हातचा घाससुद्धा न मिळालेली मुलं. मोठेपणी त्यांतल्या पाच जणांना तोच आजार झाला. आजार नसलेल्या आयांची, तशीच दूर वाढलेली ५० मुलं तुलनेला घेतली होती, त्यांत एकालाही झाला नाही. म्हणजे रक्ताचा वाटा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण तुमच्यासारख्या आईला मी या आकड्याची दुसरी बाजूही दाखवते : ४७ पैकी ४२ जणांना हा आजार झाला नाही.

आकडे विचारलेत तर अर्विंग गॉट्समन या मानसशास्त्रज्ञांनी युरोपातल्या अनेक दशकांच्या अभ्यासांतून मांडलेला तक्ता मला पाठ आहे. सर्वसाधारण माणसांत शंभरात एक. आजारी माणसाच्या भाचरा-पुतण्यांत चार, सख्ख्या भावंडांत नऊ, आई किंवा वडील आजारी असतील तर मुलांत तेरा. दोघंही आजारी असतील तर शेहेचाळीस. आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता अठ्ठेचाळीस. नंतरच्या मोठ्या नोंदींमध्ये हे आकडे आणखी खाली आले आहेत. मी त्या शेवटच्या ओळीपाशी फार वेळ थांबले होते. जनुकं अगदी तीच, तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसरं जुळं वाचतं. नुसत्या रक्ताने ठरत असतं तर तिथे शंभर लिहिलेलं असतं. शिवाय हे एका जनुकाचं कामच नाही. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा आपल्या जनुकीय साखळीवर सापडल्या, आणि त्यांतल्या एकेकीचा परिणाम अगदी नखाएवढा. त्यांतल्या पुष्कळ तुमच्याआमच्यातही असणार.

फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी या मनोविकारतज्ज्ञांनी हेस्टनचीच वाट आणखी पुढे नेली. आजारी आयांची मुलं ज्या घरांत दत्तक गेली, त्या घरांचंही वातावरण त्यांनी तपासलं. जिथे सतत भांडणं, तुटकपणा, गोंधळ होता तिथे या मुलांत आजार पुष्कळ वाढला आणि जी घरं शांत होती तिथे तो फारच कमी दिसला. ज्या मुलांच्या रक्तात ही जोखीम नव्हती, त्यांना मात्र वाईट घरानेसुद्धा एवढा आजार दिला नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर इथे आहे. माणमधल्या माणसाला ते सांगायला सोपं आहे, कारण आमच्याकडे बी आणि पाऊस यांचा हिशेब कुणी वेगवेगळा मांडत नाही.

पण घर म्हणजे नुसता आईबापांचा स्वभाव नव्हे, हेही सांगायला हवं. गर्भातले नऊ महिने, अवघड बाळंतपण, लहानपणी झालेली मारहाण किंवा अत्याचार, दाट शहरातलं वाढणं, परक्या देशात उपरं होऊन राहणं, हे सगळं त्यात येतं. आणि गांजा. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला होता. त्याचा १९८७चा निष्कर्ष असा की भरतीच्या वयापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया सहापट होता. माझी लेक गेल्या वर्षी हॉस्टेलला गेली. तिला मी तिच्या मामाची, म्हणजे दादाची, सगळी गोष्ट सांगितली आणि एवढी एकच गोष्ट हात धरून मागितली, की गांजाच्या वाटेला जाऊ नकोस.

आजार आल्यावर मात्र घराचा शब्द फार मोठा होतो. लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६मध्ये दाखवलं की ज्या घरात माणसाला सारखं टोचून बोललं जातं किंवा त्याच्यावर सतत घिरट्या घातल्या जातात, तिथे नऊ महिन्यांत शंभरातल्या ५१ जणांचा आजार उलटला आणि जी घरं निवांत होती तिथे १३ जणांचा. पुढे चंदीगडमध्ये हेच मोजलं तेव्हा अशी टोचणारी घरं लंडनच्या निम्म्याहून कमी निघाली. आम्ही मात्र टोचणाऱ्यांत होतो. "उठ, आंघोळ कर, किती झोपतोस, त्या अमक्याला नोकरी लागली." हे दिवसातून दहा वेळा, आणि त्यात मीही होते. पुण्यातल्या गटात आल्यावर आम्हाला शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द मिळाले. आजारी माणूस शुभार्थी, सांभाळणारा शुभंकर. शब्दाने आजार जात नाही, पण अण्णांची हाक मारायची पद्धत बदलली हे मी डोळ्यांनी पाहिलं. औषधं तीच होती. नंतरच्या अकरा वर्षांत दादाला एकदाच दवाखान्यात ठेवावं लागलं.

जाता जाता तुम्ही धाकटीच्या लग्नाचं विचारलंत. लपवू नका. माझ्या वेळी आईने बघायला आलेल्यांना सरळ सांगितलं. दोन स्थळं परत गेली. तिसऱ्या घरच्यांनी एवढंच विचारलं, "औषधं वेळेवर घेतो ना?" त्याच घरात मी चोवीस वर्षं नांदतेय.

आता एक गोष्ट, जी सभेत कधी सांगितली नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली. माणशी रोजचं अन्न १००० कॅलरींच्या खाली गेलं. त्या उपासमारीच्या ऐन कडाक्यात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. चीनमध्ये १९५९ ते ६१च्या दुष्काळानंतरही तसंच दिसलं. हे मी रात्री वाचत होते. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती, तिने विचारलं काय वाचतेस, आणि मी विचार न करता सांगून टाकलं. तिचे हात थांबले. मग मला उमगलं मी काय केलं ते. दादा पोटात होता ते साल १९७२चं. माणमध्ये सलग तिसरं कोरडं वर्ष. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे मिळालेली सुकडी अर्धी सासूसाठी पदरात बांधून आणायची आणि बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायची.

मी घाईने सांगू लागले. दुप्पट म्हणजे शंभरात एकाचे दोन, अठ्ठ्याण्णव जणांना काहीच झालं नाही. हॉलंडच्या आकड्यावरून एकट्या दादाबद्दल काही म्हणता येत नाही. त्या वेळी राज्यभरात लाखो माणसं कामावर होती, त्यांत पोटुशी बायका कितीतरी असतील.

आईने ऐकून घेतलं. बराच वेळ गेला.

"मामा माझा, लाड माझे, हॉस्टेलला धाडायला पैसे दिले तेही माझ्या पाटल्या मोडून," ती म्हणाली. "पण दुष्काळ काय माझ्या एकटीचा होता का गं?"

मी काहीच बोलले नाही. बत्तीस वर्षांत तिने एक तरी दोष स्वतःच्या अंगावरून खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. नऊ वाजले होते. शेंगांचं सूप बाजूला सारून ती दादाच्या रात्रीच्या गोळ्या काढायला उठली.