कोल्हापूरहून अंदमान: आधी बोट, मग हॉटेल

कोल्हापूरकरांना समुद्र नवा नाही. घाट उतरला की मालवण, देवगड. मनात आलं की शनिवारी पहाटे गाडी काढायची, ही आपली सवय. अंदमानला ती चालत नाही. तिथे बोटीची वेळ, ओहोटी आणि लवकर मावळणारा दिवस यांच्याभोवती सगळी सहल बेतावी लागते. आम्ही जानेवारीत जाऊन आलो, सोबत आई आणि आत्या. घरातली मोठी माणसं नेणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय.

कोल्हापूरहून थेट विमान नाही. बंगळूर किंवा हैदराबाद गाठून पुढे श्रीविजयपुरमचं, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरचं विमान धरायचं. आम्ही बंगळूरला एक मुक्काम केला. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं विमान रखडल्यावर दुसरं आपल्यासाठी थांबत नाही. शिवाय वयस्कर माणसांना रात्रीच्या प्रवासानंतर लगेच पहाटेची धावपळ सोसत नाही.

विमान ठरलं की हॉटेलं शोधत बसू नका, आधी स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) यांच्या बोटी आरक्षित करा. हंगामात सोयीच्या बोटी लवकर भरतात आणि बोट नसेल तर तिकडच्या हॉटेलाचा उपयोग नाही. खाजगी बोटीने हॅवलॉकला साधारण दीड-दोन तास लागतात. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी. समुद्रात पोट ढवळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही.

आता सूर्याचं. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. जानेवारीत कोल्हापुरात सव्वासहाच्या पुढे मावळणारा सूर्य तिथे सव्वापाचच्या सुमारास बुडतो. जेवून, वामकुक्षी काढून निघालात तर हॅवलॉकचा राधानगर किनारा अंधारातच बघाल. आम्ही तीनलाच पोचलो होतो. पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल आणि समोर पश्चिमेचं मोकळं पाणी. तिथे घाई करूच नका, दोन तास नुसते बसा.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचवर आईने रिंग धरून, मास्क लावून पाण्यात तोंड घातलं. पोहता येत नसलं तरी गाइड रिंग ओढत नेतो. बाहेर आल्या आल्या तिने आत्याला हाक मारली, ‘‘अहो वन्सं, या की! खाली नुसती बाग फुललीया!’’ आत्याही उतरल्या. वय झालंय म्हणून कुणाला काठावर बसवून ठेवू नका, फक्त लाइफ जॅकेटचे बंद स्वतः तपासा. प्रवाळावर पाय मात्र ठेवायचा नाही. तो जिवंत असतो. प्रवाळ सोबत आणायलाही बंदी आहे, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलू नका. स्कूबा करणार असाल तर त्यानंतर विमानात बसण्याआधी किमान २४ तास जाऊ द्या.

नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच बघायचा. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हॉटेलात पोचल्यावर पहिली चौकशी तिचीच करा. वाट खडकाळ आणि निसरडी आहे, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात.

रोख पैसे जवळ ठेवा. छोट्या बेटांवर नेटवर्क जातं आणि फोनवरून पैसे देणं अडतं. मासे उत्तम मिळतात, पण तिखट आपलं नाही. चटणीची पुडी न्या.

परतीच्या विमानाआधीचा पूर्ण दिवस श्रीविजयपुरमला राखून ठेवा. हवा बिघडली तर बोटी रद्द होतात, तेव्हा हाच दिवस सांभाळून घेतो. सगळं वेळेत झालं तर तो सेल्युलर जेलला द्या, फक्त त्या दिवशी जेल उघडं आहे ना, ते आधी विचारून घ्या. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या ७ इमारतींपैकी आता ३ उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येईल अशी रचना होती, म्हणजे कैद्यांना एकमेकांचं तोंडही दिसू नये. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. जिने चढावे लागतात, तेव्हा मोठ्यांना घेऊन ऊन चढायच्या आत, सकाळीच जा.