वेल थांबली, केवडा नाही

फेब्रुवारीत नाशिकहून परतलेल्या माणसाच्या हातात द्राक्षांची पेटी नसेल, तर तो नाशिकला जाऊन आला यावर त्याच्या घरचे विश्वास ठेवत नाहीत. आम्ही नाशिककर स्वतः द्राक्षं फारशी विकत घेत नाही. कोणाचा ना कोणाचा मेहुणा, वर्गमित्र, साडू निफाड नाहीतर दिंडोरी तालुक्यात बाग धरून असतो आणि हंगामात एक पेटी घरपोच येते. माझ्या वाट्याला मामेभाऊ आहे, आमचा दादा. त्याची पेटी उघडली की दरवर्षी मला एकाच गोष्टीचं नवल वाटतं, ते म्हणजे तिच्यातला सारखेपणा. रायवळ आंब्यांची पाटी घ्या. एक झाड शेप्या, एक खोबऱ्या, एक साखरगोटी, कोणाची चव कोणाशी जुळायची नाही. द्राक्षांच्या पेटीत मात्र कुठलाही मणी उचला, तोच आकार, तीच साल, तीच गोडी.

यात दादाची मेहनत आहेच. विरळणी, डिपिंग, शेंडा मारणं. वर्षभर तो बागेच्या मागे असतो. पण सारखेपणाचं मूळ त्याच्याहून फार जुनं आहे. दादाच्या बागेतली थॉम्पसन, शेजारच्या बागेतली थॉम्पसन आणि कॅलिफोर्नियातली थॉम्पसन हे सगळं मिळून एकच झाड आहे. काडी कापायची, लावायची. ती वाढली की तिची काडी पुढे. १८७०च्या दशकात विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी ही वेल कॅलिफोर्नियात लावली म्हणून त्यांचं नाव तिला चिकटलं. त्याआधी पश्चिम आशियात ती सुलताना म्हणून, किशमिश म्हणून नांदत होतीच. देश बदलले, नावं बदलली. माणसांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि वेलीची एकही गेली नाही.

बी का पेरत नाहीत? थॉम्पसनला बी नसते, हे उत्तर अर्धंच आहे. बी असलेल्या द्राक्षाची बी पेरली तरी येणारं रोप आईसारखं निघेल याचा भरवसा नाही, कारण बियांमध्ये आईबाप दोघांची जनुकं नव्यानं एकत्र येतात आणि प्रत्येक बीमध्ये वेगळी मांडणी होते. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी उभ्या राहिल्यापासून आपल्याकडे कॅबर्ने सोव्हिन्यों हे नाव लग्नाच्या पंगतीतही ऐकू येऊ लागलंय. ही काळ्या द्राक्षांची जात. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत डीएनए ताडून पाहिला, तेव्हा तिचे आईबाप सापडले. एक कॅबर्ने फ्रां, काळी. दुसरी सोव्हिन्यों ब्लां, चक्क पांढरी. फ्रान्समधल्या कुठल्यातरी मळ्यात दोन वेलींचं परस्पर जमलं, त्यातून उगवलेलं एक रोप कोणाला तरी आवडलं आणि त्या आवडीपायी ते रोप शेकडो वर्षं काडीतच अडकून पडलं.

रानातल्या मूळच्या वेलीला असं अडकणं ठाऊक नव्हतं. तिच्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. दोघींची गाठ पडल्याशिवाय फळ नाही आणि प्रत्येक फळाच्या बीमध्ये नवी जुळणी. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात आणि कॉकेशसकडे माणसानं ती घराशी आणली, तेव्हा त्याच्या नजरेत भरली ती एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असलेली वेल. साहजिक आहे. जिची अर्धी झाडं फळच धरत नाहीत अशी बाग कोण सांभाळील?

तरी जिवंत वस्तू पुरती थांबत नाही. वेल वाढताना पेशी दुभागतात, डीएनएची नक्कल होते आणि नकलेत कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांचा कोणाला पत्ताही लागत नाही. एखादी चूक नेमकी फुटू पाहणाऱ्या डोळ्यात होते आणि त्यातून आलेली फांदी बाकीच्या झाडाहून निराळी निघते. मणी लांबट, नाहीतर टपोरा, नाहीतर रंगच वेगळा. सांगलीकडे तासगावात थॉम्पसनच्याच बागेतून निवडलेली तास-ए-गणेश, सोलापूरजवळ नान्नजची सोनाका, माणिक चमन. मार्केटमधली ही सगळी नावं अशा वेगळ्या निघालेल्या फांद्यांची आहेत. काळी शरद सीडलेसही त्यातलीच, फक्त तिचं माहेर रशियातून आलेली किशमिश चोर्नी. यातल्या बऱ्याच जाती कुठल्या संशोधन केंद्रात जन्मल्या नाहीत, बागेत फिरणाऱ्या शेतकऱ्यांच्या नजरेनं त्या हेरल्या, याचा मला फार आनंद होतो. डार्विननं १८६८ साली अशा अचानक बदललेल्या फांद्यांचे दाखले जमवून छापले, त्यांत द्राक्षंही होती. आपल्याकडच्या बागाईतदाराला तो भेटला असता तर यादी बरीच लांबली असती.

हिरवी द्राक्षं, ज्यांना पांढरी म्हणतात, हीसुद्धा अशीच एक चूक. मूळ द्राक्ष काळं. डीएनएचे काही तुकडे एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. असा एक तुकडा रंगाचा हुकूम देणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी येऊन बसला आणि तो हुकूम बंद पडला. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ साली हे दाखवून दिलं. तो तुकडा कधी बराचसा निघून गेला तर रंग परतही येतो. 'इटालिया' या पांढऱ्या जातीच्या फांदीवर लाल घड आले ते असेच.

बरं, जनुकं तीच म्हणजे फळ तेच, असं म्हणावं तर निफाडची थंडी मध्ये येते. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला याची बातमी पेपरात पहिल्या पानावर असते. शहरात आम्ही ती चहाबरोबर कौतुकानं वाचतो. दादा तोच पेपर रद्दीवाल्याकडून किलोवर आणतो आणि घडांना गुंडाळतो. मण्यात पाणी भरायच्या सुमाराला रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असं झालं, की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा चढते. याला बागेत पिंक बेरी म्हणतात. चवीला काहीही बिघडलेलं नसतं, पण असा घड निर्यातीत चालत नाही. त्याच वेलीची तीच काडी उबदार गावात लावली असती तर हा रंग दिसलाही नसता.

त्याहून मोठी गंमत उन्हाळ्यात होते, आणि ती कोणाला दिसत नाही. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर ज्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. पण सुरुवातीला डोळ्याच्या आत नुसता एक इवला फुगवटा असतो. त्याचा घड व्हायचा की बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळून घेणारा तो नुसता तंतू, हे ठरलेलं नसतं. ऊन भरपूर मिळालं, काडीत अन्न साठलं, तर घड. मे-जूनमध्ये ढग दाटले, पानांनी पानांवर सावली धरली, तर बाळी. दादा म्हणतो, "मे महिन्यात आभाळ आलं की समजायचं, ऑक्टोबरात पोरगं बाळी दाखवणार." निसर्गानं या वेलीला रानात वाढवलं ते दुसऱ्या झाडांवर चढायला. सावलीत असशील तर आधी चढ, वर ऊन सापडलं की फळ धर, एवढा साधा हिशेब तिच्या जनुकांत लिहिलेला आहे. फ्रान्समधल्या पिनो मनिये या जातीत एका पेशीथरातल्या जनुकात बिघाड असतो. त्या थरातून वाढवलेलं रोप ठेंगणं होतं आणि जिथं बाळी यायची तिथं घड धरतं. ज्या घराण्यातल्या जनुकानं गहू बुटका करून हरितक्रांती घडवली, त्याच घराण्यातलं हे जनुक. हे दादाला सांगितलं तर त्यानं पहिला प्रश्न केला, "ते रोप मिळतं का?"

आता केवडा. द्राक्षवाल्यांचा केवडा म्हणजे पानावर पिवळसर तेलकट ठिपके, खालून पांढरी बुरशी, आणि फुलोऱ्यात आला तर घड गेलाच. परतीचा पाऊस छाटणीला गाठ पडला, की बागेत माणसं रात्रीसुद्धा फवारणीचा ब्लोअर घेऊन फिरतात. हा रोग मूळ उत्तर अमेरिकेतला. १८७८ साली तो फ्रान्सात पोचला आणि युरोपच्या वेलींनी त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. अमेरिकेतल्या रानवेलींचा आणि त्याचा हजारो वर्षांचा शेजार. ज्यांना तो सोसवला नाही त्या कधीच संपल्या, उरल्या त्या टिकाऊ. युरोपच्या वेलीला असा अवधीच मिळाला नव्हता. बोर्डो गावाकडे रस्त्याकाठची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. त्या वेली केवड्यातून वाचल्या, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, आणि १८८५ साली बोर्डो मिश्रण जगाला मिळालं. पिंपळगाव बसवंतच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात आजही नुसतं 'बोर्डो' म्हटलं की पुरतं.

मला जे म्हणायचंय ते इथं आहे. वेल थांबलेली आहे, आपणच थांबवली. केवडा थांबलेला नाही. हवा मानवली तर आठवड्याभरात त्याची नवी पिढी तयार, शिवाय वाळल्या पानांत तो नर-मादीचा रीतसर संसारही करतो आणि नवी जुळणी काढतो. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं, की लाखो बीजाणूंतले चार ज्यांना ते लागत नाही ते उरतात आणि पुढची सगळी प्रजा त्यांची. कॅरम खेळताना एकानं पाटावर हातच ठेवायचा नाही आणि दुसऱ्यानं खेळतच राहायचं, अशातला हा डाव. वेलीच्या वाटचे हात दादा खेळतो. फवारणीचं वेळापत्रक, औषधांची अदलाबदल, पानं ओली किती तास राहिली याचा हिशेब. वेलीनं स्वतः बदलून जे केलं असतं ते तिच्या वतीनं माणूस डिझेल जाळून करतो. द्राक्ष महाग का, या प्रश्नाला मला तरी यापेक्षा खरं उत्तर सापडलेलं नाही.

जमिनीखाली मात्र वेगळी तजवीज आहे. दादाच्या बागेतल्या वेली वर थॉम्पसन असल्या तरी मुळं त्यांची नाहीत. खाली डॉगरिज नावाचा टेक्ससचा खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचं झाड. खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसणारा. टेक्ससच्या उन्हानं घडवलेली मुळं आणि पश्चिम आशियातल्या माणसानं निवडलेलं फळ, असा जोड निफाडच्या काळ्या मातीत उभा आहे. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किड्यानं फ्रान्सचे मळे उजाड केले, तेव्हा तेही अमेरिकी खुंटांवर कलमं करूनच वाचले. किडाही अमेरिकेतून आलेला आणि उतारही तिकडचाच.

आणि डिपिंग? थॉम्पसनच्या फुलात फलन होतं, बी धरते, पण एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं ती कोवळेपणीच जिरते. मणी फुगवायचा निरोप एरवी बीकडून येतो. बी नाही, निरोप नाही, मणी बारीक. म्हणून जीएच्या, म्हणजे जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवायचे, तेच डिपिंग. हे जिब्रेलिन जपान्यांना सापडलं ते भाताची रोपं वेडीवाकडी उंच वाढवणाऱ्या एका बुरशीत. बुरशीशी वर्षभर भांडणारा माणूस बुरशीचाच माल मण्यांना पाजतो, यावर दादाला अजिबात हसू येत नाही. त्याला डिपिंगच्या मजुरीचे आकडे आठवतात.

वहिनीचं खातं कांद्याचं, आणि तिथं काहीच थांबलेलं नाही. दरवर्षी कांदाचाळीतून ती डोंगळ्यांसाठी, म्हणजे बी धरायला लावायचे कांदे निवडते. जोड नको, जाड मानेचा नको, लवकर डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा आलेल्याच्या वंशातला तर नकोच. उन्हाळ कांदा असेल तर चाळीत शेवटपर्यंत टिकलेलाच घ्यायचा. थंडीत हे कांदे लावले की फुलांचे गोंडे येतात, मधमाश्या येतात, आणि उन्हाळ्यात घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी तयार. शहाण्यांनी युरोपातलं बियाणं आणून इथं पेरलं तर पात येईल, कांदा धरणार नाही. तिकडच्या जातींना गड्डा बांधायला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो, आणि नाशिकचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. इथल्या दिवसाच्या मापानं बेतलेला कांदा वहिनीसारख्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढला आहे, आणि त्यासाठी कोणी त्यांची नावं कुठल्या जातीला दिलेली नाहीत.

यंदा शेजाऱ्यांनी बांधाला लागूनच पांढऱ्या कांद्याचे डोंगळे लावले. मधमाशी बांध मानत नाही. दादा बोलायला निघाला होता, वहिनीनं त्याला अडवलं. म्हणाली, "लावू द्या की. त्यांचा पांढरा माझ्या लालात शिरला तरी पुढच्या वर्षी दिसायचा नाही. माझा लाल त्यांच्या पांढऱ्यात गेला, की सगळं वावर बोंब मारेल. मग येतील स्वतःच अंतर विचारायला."