आसाकुसात कंदिलावरची अक्षरं बघायला जाणार असाल तर

टोकियोला जायचं ठरलं तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती, कागदी कंदिलावर हाताने अक्षरं काढताना जवळून बघायचं. त्यासाठी आसाकुसा गाठलं, गिन्झा मेट्रो लाइनने उतरून 1 नंबरच्या एक्झिटने बाहेर पडलात की दोन मिनिटांत कामिनारिमोन, म्हणजे मोठा लाल कंदील टांगलेलं सेन्सोजी मंदिराचं दार. पण मी गेलो मे महिन्याच्या तिसऱ्या वीकेंडला, तेव्हा सान्जा मात्सुरी ही जत्रा असते आणि पालख्या जाव्यात म्हणून तो मोठा लाल कंदील चक्क वर दुमडून ठेवतात! वादळ असलं तरी तसंच. म्हणून तारीख बघून जा, मी दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा कुठे नीट दिसला. उंची 3.9 मीटर, वजन साधारण 700 किलो. 1865 मध्ये जळालेलं हे दार 1960 साली पॅनासॉनिकच्या संस्थापकांनी, कोनोसुके मात्सुशितांनी, पुन्हा बांधून दिलं, कंदील साधारण दर दहा वर्षांनी नवा होतो, आत्ताचा 2020 चा. खाली उभं राहून वर बघा, बुडाशी ड्रॅगन कोरलाय, बरेच जण न बघताच पुढे जातात.

खरी मजा मात्र कंदिलावर अक्षरं काढणाऱ्या छोट्या दुकानात. आधी ईमेल करून वेळ घेतली होती. मला वाटायचं एका दमात ब्रश फिरवत असतील, तसं नाहीच, आधी बारीक ब्रशने अक्षराची बाहेरची रेघ काढतात आणि मग आतला भाग काळ्या शाईने भरतात, म्हणजे लिहिणं कमी आणि चित्र काढणं जास्त. कागदाखाली बांबूच्या कामट्या, त्यामुळे सगळा पृष्ठभाग उंचसखल, ब्रश प्रत्येक कामटीवरून चढून खाचेत उतरतो आणि तरी रेघ लांबून सरळच दिसली पाहिजे. कारागीर आजोबा डाव्या हाताने आतून आधार देत होते आणि खाचेतला कोरा राहिलेला केसाएवढा ठिपका परत जाऊन भरत होते. तो ठिपका कंदील पेटल्यावर लख्ख दिसतो म्हणे! मी अर्धा तास नुसता तेवढंच बघत बसलो, कंटाळा म्हणून आला नाही.

कोरे कंदील बहुतेक मितो, गिफू अशा ठिकाणांहून येतात, टोकियोतल्या कारागिरांचं खरं काम अक्षरांचं आणि घराण्याच्या चिन्हांचं.

तुमचं नाव लिहून घ्यायचं असेल तर ते काताकानात (परदेशी नावांसाठीची जपानी लिपी) कसं लिहितात ते आधीच शोधून कागदावर न्या, नाव जितकं छोटं तितकी अक्षरं जाडजूड आणि देखणी येतात. कॅश ठेवा, फोटो विचारूनच काढा. विकत घेताना ‘तेगाकी देसुका’ म्हणजे हाताने लिहिलंय का एवढं विचारा, कारण जवळच्या काप्पाबाशीत, म्हणजे हॉटेलच्या सामानाच्या बाजारात, मिळणारे बरेचसे प्लॅस्टिकचे छापील असतात, हॉटेलला लावायला ठीक, पण ही कला बघायला आलात तर ते घेऊ नका. आणि शाई पूर्ण वाळू द्या, घाई केलीत तर दुमडल्यावर डाग पडतो. वाळला की दुमडून चपटा होतो, केबिन बॅगेत कपड्यांच्या मधे सहज मावतो.